कडक भाकरी आणि डिजिटल जिल्हा

बैठकीत पडद्यावर पहिलं चित्र उमटलं की आमचे साहेब डबा उघडत. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सोलापूरची कडक भाकरी ज्यांनी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही खाण्याची वस्तू असली तरी तिचा मुख्य गुण आवाज हा आहे. बंद खोलीत एसी चालू असताना, कुणी तरुण सल्लागार 'विकासाच्या प्रवाहातला शेवटचा माणूस' असं म्हणत असताना ती मोडली, तर वाळलेली फांदी तुटल्यासारखं वाटतं. सल्लागार थांबायचा. सगळे वळून बघायचे. साहेब म्हणायचे, "चालू द्या की. मला शुगर आहे, वेळेवर खावं लागतं."

शुगर खरी होती. पण ती नेमकी 'परिवर्तन', 'सक्षमीकरण' आणि 'क्रांती' या शब्दांनाच कशी खाली यायची, हे एखाद्या डॉक्टरला विचारायला हवं होतं.

सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयात जिल्हा डिजिटल करण्याचं काम ज्या खोलीकडे होतं, त्या खोलीचे ते प्रमुख. मी त्याच खोलीत भाषांतराला होतो. वरून येणारी इंग्रजी परिपत्रकं मराठीत आणायची, म्हणजे जी गोष्ट एका भाषेत कळत नव्हती ती दोन भाषांत कळणार नाही अशी व्यवस्था करायची, हे माझं काम. साहेबांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "ओ भाषांतर, जरा इकडं या," अशी हाक यायची. पुढे पुढे कँटीनवालासुद्धा मला 'भाषांतरसाहेब' म्हणायला लागला.

मी केलेला मजकूर ते हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे (कपाळावर विभूतीची पुसट रेघ असायची, चष्मा तिच्यावरच जाऊन बसायचा) आणि एखाद्या वाक्यावर बोट ठेवून विचारायचे, "म्हणजे कोण काय करणार?"

"सर, यात असं म्हटलंय की नागरिककेंद्री सेवांचं अखंड वितरण सुनिश्चित करण्यात येईल."

"हो. पण कोण काय करणार?"

मी परत मूळ इंग्रजी बघायचो. तिथेही कोणी काही करत नसायचं. मग मी तसं सांगायचो आणि साहेब खूश व्हायचे. "बरोबर आहे तुमचं भाषांतर. जाऊ द्या पुढं."

ते मूळचे कर्नाटक सीमेजवळच्या मंद्रूपकडचे. घरात कानडी, बाजारात मराठी, रागावले की पुन्हा कानडी. कुठलीही चर्चा फार लांबली की "नोडोण" म्हणून उठायचे. म्हणजे 'बघू या'. वरिष्ठांना वाटायचं, त्यांनी होकार दिला. हाताखालच्यांना वाटायचं, नकार दिला. साहेबांना खरोखरच बघायचं असायचं, आणि ते बघायला जायचे. तेही एसटीनं. उन्हाळ्यात टोपीखाली ओला रुमाल ठेवायचा, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. कार्यालयाची जीप दारात उभी असायची आणि ड्रायव्हर तिच्यात झोपलेला असायचा.

"सर, जीप असताना एसटी कशाला?" मी एकदा विचारलं.

"सरकारी गाडी गावात शिरली की नेट चालू होतं," ते म्हणाले. "हे तंत्र कसं चालतं ते मला अजून कळलेलं नाही. पण गाडी न नेता गेलं की नेट बंद असतं, एवढं नक्की."

गावोगाव केबल टाकून ग्रामपंचायती जोडायची योजना तेव्हा जोरात होती. तक्त्यात एक रकाना होता, 'जोडलेली गावे'. शेजारच्या जिल्ह्यांचा तो रकाना भरून वाहत असे आणि 'प्राप्त तक्रारी' हा रकाना कोरा असे. आमच्या जिल्ह्याचं उलटं. जोडलेली गावं कमी आणि तक्रारी इतक्या, की बैठकीत आमची पाळी आली की लोक सहानुभूतीनं बघायचे. साहेबांचं म्हणणं असं, की ज्या दिवशी गावातला कुणी तरी येऊन 'तुमचं नेट बंद आहे' म्हणून भांडतो, त्या दिवशी गाव जोडलं गेलं. भांडायलाच कुणी येत नसेल तर तिथं इंटरनेटचा नुसता डबा आहे, नेट नाही. हा विचार तक्त्यात बसवता येत नव्हता. त्यामुळे साहेबांची बढती त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्यांकडे जात राहिली आणि साहेब दर वेळी त्यांचा पेढा आवडीनं खात राहिले. शुगर असूनही.

मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ते गाव कागदोपत्री केव्हाच जोडलेलं होतं. पंचायतीत शिपाई होता. साहेबांनी विचारलं, "इंटरनेटचा डबा कुठाय?" शिपायानं चपला काढल्या, कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. आत डबा होता. त्याला हळदकुंकू लावलेलं, वर वाळलेला झेंडूचा हार.

"खंडेनवमीला पूजा केली साहेब," शिपाई म्हणाला. "समद्या यंत्रांची करतोय तसं ह्याची बी केली."

"चांगलं केलं. चालू कवा करता?"

"चालू?" शिपाई दचकला. "चालू केलं तर जळंल की वो. लाइट कमीजास्त हुतीया. सरपंचांनी सांगितलंय, सरकारी वस्तू हाय, काय झालं तर आपल्या अंगावर येईल. म्हनून पयल्या दिसापासनं बंदच ठिवलंय. धूळ बसू दिली न्हाय बगा."

धूळ खरोखरच नव्हती. इतकी निगा राखलेलं सरकारी यंत्र मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. साहेबांनी डब्याला नमस्कार केला, शिपायाला म्हणाले, "आता पूजा झाली. आता याला कामाला लावा. जळालं तर माझं नाव सांगा." बसमध्ये बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "चुकलं कुणाचंच नाही, भाषांतर. आपण वस्तू दिली आणि धाक दिला. त्यांनी दोन्ही सांभाळलं."

दुसरी एक बैठक आठवते. एक खातं केबल पुरतं आणि दुसरं खातं रस्ता रुंद करताना ती उखडतं, यावर समन्वय साधायचा होता. साहेबांनी सगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांबरोबर एका जेसीबीवाल्यालाही बोलावलं. अधिकाऱ्यांनी नाकं मुरडली. जेसीबीवाला एसीच्या थंडाव्यात दहा मिनिटांत खुर्चीतच झोपला, घोरायला लागला. आमचे उपप्रमुख पाटील त्याला उठवायला निघाले, तर साहेबांनी हातानं थांबवलं. "झोपू द्या. तेवढा वेळ केबल सुरक्षित आहे."

आणखी एक खोड होती त्यांची. कार्यक्रमात ते टाळ्या वाजवत नसत. उद्‍घाटन असो, लोकार्पण असो, निवेदिका कितीही आर्जवानं 'जोरदार टाळ्या' म्हणो, साहेबांचे हात खिशात. एकदा एका पुढाऱ्यानं ते पाहिलं आणि जाहीरपणे विचारलं, "काय साहेब, आवडलं नाही वाटतं?" साहेब म्हणाले, "आवडलं की. पण टाळी वाजवावी असं अजून काही झालेलं नाही. झालं की वाजवीन." पुढारी हसले, कारण आजूबाजूचे हसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना टाळी वाजवताना पाहिलं नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या वाढदिवसालासुद्धा ते केक कापला की मान हलवायचे आणि तुकडा घ्यायचे.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या काळात शहराजवळच्या कुंभारीचं प्रकरण झालं.

रेशन दुकानांत अंगठा लावायची यंत्रं बसून बराच काळ झाला होता. अंगठा जुळला तर धान्य. आमच्या खोलीत भिंतीवर एक पडदा होता, त्यावर जिल्ह्याचे यशस्वी अंगठे हिरव्या रंगात दिसायचे. कुंभारी हिरवीगार. साहेब एक दिवस "नोडोण" म्हणून निघाले आणि मलाही घेतलं.

कुंभारीत बिडी कामगारांच्या वसाहती आहेत. बहुतेक बाया तेलुगू बोलणाऱ्या. कारखान्यातून तंबाखू आणि पान आणायचं, घरी सुपात घेऊन बसायचं, पान कापायचं, वळायचं, बांधायचं आणि बिड्या परत नेऊन द्यायच्या. आम्ही रेशनच्या रांगेच्या कडेला उभे राहिलो. पुढे एक म्हातारी होती, नरसव्वा. तिनं अंगठा लावला. यंत्रातली बाई म्हणाली, "पडताळणी अयशस्वी." नरसव्वानं अंगठा पदराला पुसला, पुन्हा लावला. अयशस्वी. मग एकेक करून सगळी बोटं. दुकानदार मेहबूबभाईंनी यंत्राशेजारी लिंबाची फोड आणि ओलं फडकं ठेवलंच होतं. ते चोळून झालं. यंत्रातली बाई आपल्या मतावर ठाम होती.

"अम्मा, दो-चार रोज के बाद आव," मेहबूबभाई म्हणाले.

नरसव्वानं रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि निघाली. घरी तिचा नवरा होता, टॉवेलच्या यंत्रमागावर आयुष्य घालवून आता अंथरुणाला खिळलेला. त्यांच्याकडे दोन्ही वेळचा भात या रेशनच्या तांदळाचाच व्हायचा.

"मशीन की बी गलती नै साब, अम्मा की बी नै," मेहबूबभाईंनी सांगितलं. "बिडी के पत्ते उंगलियां घिस डालते. लकीरां च नै रहते."

"मग हे सगळे अंगठे हिरवे कसे दिसतात आम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"दो-चार रोज के बाद आते ना, तो लग जाता. क्यों लगता, अपने कू नै मालूम. लग गया तो अपन माल दे देते."

परतताना साहेब म्हणाले, "हवेचा परिणाम असेल. नाही तर यंत्रालाच दया येत असेल." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रस्ताव लिहायला घेतला. बिडी कामगार बायांना अंगठ्याची सक्ती नको. यंत्रानं नाकारलं तर कार्ड आणि माणूस बघून दुकानदारानं त्याच दिवशी धान्य द्यावं. एवढंच. 'म्हणजे कोण काय करणार' हे सरळ कळत होतं, त्यामुळे मला त्यात काही करायला उरलं नाही.

प्रस्ताव वर गेला आणि खाली आला. शेरा होता, 'प्राप्त माहितीनुसार सदर ठिकाणी अडचण असल्याचे दिसून येत नाही.' आणि ते खरंच होतं. पडदा हिरवा होता. साहेबांनी पुन्हा पाठवला, पुन्हा आला. पाटील म्हणाले, "सर, सोडून द्या. महिन्याच्या शेवटी सगळ्यांना मिळतंय ना धान्य?"

"त्या दिवशी तिला मिळालं नाही," साहेब म्हणाले. "ती घरी जाऊन काय शिजवणार होती ते मी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली."

तेवढ्यात मुंबईहून सचिव येणार असल्याचं कळलं. जिल्ह्याचा डिजिटल सोहळा ठरला. सभागृह, फुलांच्या कमानी, आणि प्रवेशद्वारावर एक फलक, ज्यावर एक शेतकरी, एक विद्यार्थिनी आणि एक आजी मोबाइलकडे बघून हसत होते. कार्यक्रमात एक प्रात्यक्षिक हवं होतं. पाटलांनी कृषीचं ॲप सुचवलं. साहेब म्हणाले, "अंगठ्याचं ठेवा. कुंभारीच्या बाया बोलवा."

पाटलांचा चेहरा उतरला. "सर, त्यांचे अंगठे लागत नाहीत."

"म्हणूनच. सचिवसाहेब प्रस्ताव वाचत नाहीत, डोळ्यांनी तरी बघतील."

"मग निदान एकदा तालीम तरी घेऊ. बायांना समजावून सांगू, की असं असं आहे, तुमचा अंगठा नाही लागला तरी घाबरू नका, उलट बरंच आहे."

"तालीम नाटकाची असते," साहेब म्हणाले. "पढवलेल्या साक्षीदाराचा उपयोग काय? अंगठा लावायचा आहे, एवढंच सांगा. जास्त एक शब्द नाही. काय होईल ते होऊ दे, खरं होऊ दे."

निरोप घेऊन मीच गेलो. नरसव्वा दारात सूप मांडीवर घेऊन बसली होती. बोटं तपकिरी, नखांत तंबाखू. शेजारच्या दोघी-तिघीही आपापली सुपं घेऊन बसल्या होत्या.

"अम्मा, पुढच्या आठवड्यात शहरात कार्यक्रम आहे. मुंबईचे मोठे साहेब येणार आहेत. स्टेजवर जाऊन अंगठा लावायचा."

"रांगंत होतं ते विभूतीवाले साहेब हायत का तितं?"

"त्यांनीच बोलावलंय."

तिनं आपल्या हातांकडे बघितलं. शेजारणींना तेलुगूत काही तरी बोलली, त्या हसल्या. मग मला म्हणाली, "जमतंय की. सांगा साहेबास्नी, काळजी करू नका म्हनावं."

मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. साहेब म्हणाले, "काळजी कशाची? आपल्याला तर नापासच व्हायचंय."

सोहळ्याच्या दिवशी दीपप्रज्वलन डिजिटल होतं. कळ दाबली की पडद्यावर समई पेटणार. सचिवांनी कळ दाबली, काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबली. समई पेटली, विझली, आणि पुन्हा पेटली. निवेदिकेनं तिन्ही वेळा टाळ्या मागितल्या आणि सभागृहानं दिल्या. साहेब पहिल्या रांगेत, हात खिशात.

मग कुंभारीच्या बाया आल्या. ठेवणीतली लुगडी, डोक्यात अबोली. नरसव्वाचे हात स्वच्छ होते, तेल लावल्यासारखे चकचकीत. मला ते दिसलं, आणि कार्यक्रमाला जायचं म्हणून घासून धुतले असतील, असं मला वाटलं.

साहेबांनी माइकवरून मोजकं सांगितलं. "या बाया बिड्या वळतात. यांना रेशनसाठी अंगठा लावावा लागतो. तो कसा लागतो, ते बघावं."

नरसव्वानं अंगठा ठेवला. यंत्रातली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "पडताळणी यशस्वी."

टाळ्या. दुसरी बाई आली. यशस्वी. तिसरी. यशस्वी. इतकं सुरळीत प्रात्यक्षिक आमच्या खोलीच्या इतिहासात झालं नव्हतं. पाटील आनंदानं लाल झाले, मग साहेबांकडे बघून पांढरे झाले. सचिव माइककडे झुकून हसत म्हणाले, "उत्तम आहे. तुमचा तो प्रस्ताव माझ्याकडे दोनदा आला होता. अडचण नेमकी कुठे आहे?"

साहेब उभे होते. मी त्यांना इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. शेवटचा प्रस्ताव, शेवटचं वर्ष, आणि साक्षीदारानंच विरुद्ध साक्ष दिलेली. आता तो कागद पुन्हा वर जाणार नव्हता, आणि नरसव्वा दर महिन्याला पिशवीची घडी करून परत जाणार होती.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पुढे 'लाभार्थी मनोगत' होतं. निवेदिकेनं माइक नरसव्वासमोर धरला. "सांगा आजी, कसं वाटतंय?"

साहेब दोन पावलं पुढे गेले. "अम्मा," त्यांनी विचारलं, "त्या दिवशी रांगेत तुमचा हाच अंगठा लागत नव्हता. आज कसा लागला?"

नरसव्वाचा चेहरा फुलला. हाच प्रश्न कुणी तरी विचारावा, अशी ती वाट बघत असावी.

"लागनारच की! तुमचा मानूस सांगून गेला, त्या दिसापासनं पानाला हातच लावला न्हाय आमी. सूप उचलून वर ठिवलं. रोज खोबरेल लावायचं, हात मांडीवर घिऊन बसायचं. रेगा उगवू दिल्या. मोटं साहेब येनार, त्यांच्याम्होरं तुमची मान खाली जायला नगं."

सभागृहात कुणी तरी हसलं आणि थांबलं.

"आठवडाभर कामच केलं नाही?"

"काम कसं करनार? पान घेतलं की रेगा ग्येल्या."

"आणि दर महिन्याला रेशनच्या वेळी काय करता?"

"त्येच की." तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "अंगठा न्हाय लागला की घरी जायचं, चार-पाच रोज बिडी बंद ठिवायची, मग यायचं. लागतोय तवा."

"त्या दिवसांत मजुरी?"

"बिडी न्हाय तर मजुरी कुटली?" ती हसली. मग साहेबांकडे बघून तिचं हसू मावळलं. आवाज खाली आला, पण माइक तोंडासमोरच होता. "काय चुकलं का वो साहेब माजं?"

"तुमचं नाही, अम्मा. हे मी तुम्हाला आधीच विचारायला पाहिजे होतं."

मग ते सचिवांकडे वळले आणि बैठकीत बोलायचे त्याच सुरात म्हणाले, "यंत्र चालतं, सर. ते चालावं म्हणून यांना काम बंद ठेवावं लागतं, एवढंच."

"ही अट कुठे लिहिलेली आहे?" सचिवांनी विचारलं.

"कुठंच नाही. पाळली जाते फक्त."

सचिवांनी नकळत स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, की त्यांनी तो विषय तिथेच झटकला नाही. निवेदिकेच्या हातात मात्र कागद होता आणि कागदावर पुढचं वाक्य होतं. ती म्हणाली, "नरसव्वाआजींच्या या प्रेरणादायी मनोगतासाठी जोरदार टाळ्या!" आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सवय मोठी असते.

काही महिन्यांनी आदेश आला. इंग्रजीत होता. त्याचं नाव एवढं लांब होतं की पहिल्या पानावर नावाशिवाय फारसं काही मावलं नव्हतं. मी त्याचं मराठी केलं. 'बहुपर्यायी प्रमाणीकरण', 'समावेशक', 'प्रायोगिक तत्त्वावर', 'केवळ बिडी कामगारांपुरते', 'इतर श्रमिक घटकांबाबत यथावकाश'. यंत्रमागावरचे, गवंडीकामावरचे, धुणीभांडी करणाऱ्या बाया, सगळ्या घासल्या गेलेल्या बोटांची वस्ती त्या 'यथावकाश'मध्ये झाली. ती अजून तिथेच आहे.

साहेब त्या दिवशी निरोपाचा नारळ घेऊन निघायच्या तयारीत होते. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा विभूतीवर ठेवला.

"म्हणजे कोण काय करणार?"

मी सांगितलं. त्यांनी पेन घेतलं, माझी सगळी पानं बाजूला सारली आणि दुकानावर लावायच्या पाटीसाठी एक ओळ लिहिली. 'अंगठा लागला नाही तर कार्ड दाखवा, धान्य घ्या.' मग खाली तीच ओळ तेलुगूत लिहून घ्या, उर्दूत लिहून घ्या, असं पाटलांना बजावून गेले. पाटलांनी ते केलंही.

निवृत्तीनंतर त्यांचा फोन फारसा यायचा नाही. एक दिवस आला. "ओ भाषांतर, रिकामे आहात का? कुंभारीला जायचंय."

"काय काम काढलंत, सर?"

"नोडोण."

सिटी बसनं गेलो. सकाळची वेळ, दुकानापुढे रांग. पाटी लागलेली होती, एका कोपऱ्यावर उखडलेली. मेहबूबभाईंनी आम्हाला ओळखलं, स्टूल पुढे सरकवलं. साहेब बसले नाहीत. रांगेच्या कडेला, पहिल्या वेळी उभे होते तिथेच, जाऊन उभे राहिले.

नरसव्वा घाईघाईनं आली. कामावरून उठून तशीच आलेली. बोटं तपकिरी, पदराला पानाचे तुकडे चिकटलेले. आदेशाप्रमाणे एकदा अंगठा लावून बघावा लागतो. तिनं लावला.

"पडताळणी अयशस्वी," यंत्रातली बाई म्हणाली.

आणि माझ्या शेजारी टाळ्या वाजल्या.

मी वळून बघितलं. साहेबांनी खिशातून दोन्ही हात काढले होते आणि ते टाळ्या वाजवत होते. सवय नसल्यामुळे हात एकमेकांवर नीट पडत नव्हते, आवाज फुसका येत होता, कडक भाकरीच्या जवळपासही नाही. रांगेतल्या बाया त्यांच्याकडे बघायला लागल्या.

नरसव्वानं कार्ड मेहबूबभाईंपुढे टाकलं आणि कमरेवर हात ठेवला. "काय वो साहेब, मशीननं नापास केलं आनि तुमी टाळ्या वाजवायलाय?"

"नापास झालात ना, म्हणूनच," साहेब म्हणाले आणि वाजवतच राहिले.

ती रांगेतल्या बायांकडे वळून तेलुगूत काही तरी बोलली. सगळी रांग खदखदून हसली. त्याचं भाषांतर मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मेहबूबभाईंनी तांदूळ तोलून पिशवीत ओतला. तिनं पिशवी काखेत मारली.

"बसा अम्मा जरा, च्या घेऊ," साहेब म्हणाले.

"च्या कुटला वो! पानं भिजवून सुपात ठिवून आलोय, वाळून जातील की," ती म्हणाली आणि आली तशीच घाईनं निघून गेली.